पायांनी धावणारे विमान

आमच्या घरामागची पडवी एके काळी केळीच्या लोंगरांची होती. वाडीतून उतरवलेले लोंगर तुळईच्या आकड्यांना टांगायचे आणि व्यापाऱ्याच्या टेम्पोची वाट पाहायची, एवढाच तिचा उपयोग. पुढे वाडी आक्रसत गेली, लोंगर संपले, आकडे तेवढे राहिले. आता त्याच आकड्यांना जूनपासून ऑक्टोबरपर्यंत एक यंत्र टांगलेले असते. नळ्यांची गोल जाळी, तिच्या आत सव्वा मीटर लांबीचा प्रोपेलर, मध्यभागी एका सिलिंडरचे इंजिन, त्याखाली पेट्रोलची टाकी आणि पुढल्या अंगाला पाठीवर बांधायचे पट्टे. घरी येणारे पाहुणे विचारतात, हा बागेवर फवारणी करायचा पंप आहे काय? प्रश्न अगदीच अस्थानी नाही, कारण इंजिन त्याच जातीचे आहे. परंतु हे यंत्र पाठीवर बांधून आणि डोक्यावर कापडी पंख उभारून माणूस स्वतःच्या पायांनी धावतो आणि जमीन सोडतो. त्याला पॅरामोटर म्हणतात.

आम्ही उभयतां साठी ओलांडलेली माणसे. आमच्यापैकी एकाने बत्तीस वर्षे वसईच्या एका नाक्यावर स्कूटरी आणि मोटारसायकली दुरुस्त केल्या. दुसरीने जवळजवळ तितकीच वर्षे शिवणयंत्र चालवले. लग्नाचे गाऊन, पहिल्या कम्युनियनचे पांढरे झगे, शाळांचे गणवेश असे काय काय तिच्या हातून गेले असेल, त्याची गणती नाही. या लेखापुरते आम्ही एकाला इंजिनवाला आणि दुसरीला शिवणवाली म्हणू. उडणारे मात्र आम्ही नव्हे. उडतो तो आमचा धाकटा, जो तळेगावला एका कारखान्यात नोकरीस आहे.

मावळातल्या कामशेत परिसरात पॅराग्लायडिंग शिकवले जाते, हे आम्हांला त्याच्याकडूनच समजले. टेकडीवरून कापडी पंखाने उतरणे हा प्रकार आम्ही फारशी खळखळ न करता सोसला. पण दोन वर्षांपूर्वी त्याने एक वापरलेले पॅरामोटर आणि त्याबरोबर एक वापरलेला पंख विकत घेतला, तेव्हा घरात तीन दिवस बोलणे बंद होते. चौथ्या दिवशी इंजिनवाल्याने इतकेच म्हटले की यंत्र घरी आण, उघडून पाहू. संमती म्हणावी तर ती नव्हती. मुलगा सव्वीस वर्षांचा, स्वतःच्या पगाराचा. तो उडणारच असेल तर निदान ते यंत्र आमच्या हातांखालून जावे, एवढाच हिशेब होता.

या यंत्राचा इतिहास फार जुना नाही. डोमिना जाल्बर्ट नावाच्या, कॅनडात जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या पतंग बनवणाऱ्या माणसाने पुढून हवा शिरून फुगणारा, कप्प्याकप्प्यांचा कापडी पंख शोधून काढला आणि १९६६ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. तो प्रथम पॅराशूट म्हणून वापरात आला. १९७८ साली फ्रान्समधील आल्प्सच्या कुशीतल्या म्यूसी या गावी काही छत्रीधारकांनी विमानातून उडी टाकण्याऐवजी तसल्याच पंखानिशी डोंगरउतारावरून धावून पाहिले आणि पॅराग्लायडिंगचा खेळ रूढ झाला. १९८० साली माइक बर्न या इंग्रजाने पाठीवर मोटर बांधून तेच केले. पॅरामोटर हा शब्दही त्याचाच. म्हणजे पतंगापासून निघालेली वस्तू अखेर फवारणीच्या पंपाला येऊन मिळाली, असे इंजिनवाला म्हणतो. शिवणवालीला ही वंशावळ मान्य नाही. तिच्या मते हा मूळचा कापडाचाच धंदा आहे आणि इंजिन मागाहून आलेले आहे. पुढे जे घडले, त्यात तिचे म्हणणे खरे ठरले.

प्रथम इंजिनाविषयी. दोन फेऱ्यांचे इंजिन, ज्याला आपण टू-स्ट्रोक म्हणतो, ते रस्त्यावरून जवळजवळ नाहीसे झाले आहे. चेतक गेली, राजदूत गेली, आर-एक्स १०० आता हौशी लोकांच्या घरी पुसूनपासून ठेवलेली दिसते. धूर फार करतात म्हणून त्यांना निरोप मिळाला, आणि तो योग्यच होता. पण थोड्या वजनात पुष्कळ जोर हवा असेल तर त्या इंजिनाला आजही तोड नाही. आमच्या धाकट्याचे संपूर्ण यंत्र रिकाम्या टाकीनिशी २६ किलो भरते आणि माणसाला वर उचलून नेते. बत्तीस वर्षांच्या सवयीचे हात त्या सिलिंडरवर पडले, तेव्हा इंजिनवाल्याला आपल्या पोटापाण्याची विद्या पुन्हा भेटल्यासारखे वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही.

तरीही स्कूटर आणि हे यंत्र यांत एक मोठे अंतर आहे. स्कूटरच्या कार्ब्युरेटरमध्ये फ्लोटची वाटी असते. वाटी आडवी झाली की पेट्रोलचा हिशेब बिघडतो. धावणाऱ्या, वाकणाऱ्या, हवेत झोके घेणाऱ्या माणसाच्या पाठीवर अशी वाटी काय कामाची? म्हणून येथे वाटीच्या जागी एक पातळ पडदा असतो. तो इंजिनाच्या श्वासाबरोबर हलतो आणि लागेल तितकेच पेट्रोल आत सोडतो. पडदा कडक झाला की इंजिन आधी कुरकुरते, मग ऐन वेळी दम टाकते. तो दर पावसाळ्यात बदलायचा, फाटण्याची वाट पाहायची नाही, असा आमच्या पडवीतला नियम आहे.

त्या कार्ब्युरेटरला दोन स्क्रू असतात, एक मंद गतीचा आणि एक भर गतीचा. फेरीच्या आठव्या हिश्श्याने स्क्रू फिरवला तरी इंजिनाचा स्वभाव पालटतो. पेट्रोल जास्त झाले तर प्लग काजळतो आणि इंजिन अडखळत चालते. ऐकायला वाईट, पण धोका थोडा. पेट्रोल कमी झाले तर इंजिन उलट झकास गाते, चढ्या सुरात चालते, आणि आतल्या आत तापत जाऊन पिस्टन पकडते. जे इंजिन फार गोड वाजते त्याच्यावर विश्वास ठेवू नये, ही शिकवण गॅरेजमध्ये शिकाऊ पोरांना दिलेली असे. प्लग काढून पाहावा. तो कॉफीच्या रंगाचा हवा.

आता यात हवामान येते. वसई समुद्रसपाटीला, तर कामशेत सुमारे ६०० मीटर उंचीवर. उंचीवर हवा विरळ, म्हणून वसईला जुळवलेले इंजिन तेथे पेट्रोलने जड व्हावे. पण डिसेंबरातल्या मावळी पहाटेची थंड हवा दाट असते, ती नेमके उलट करते. पहाटे या दोन गोष्टी जवळजवळ एकमेकींना खोडून काढतात आणि इंजिन घरच्यासारखे चालते. दहाच्या सुमारास ऊन तापले की थंडीचा वाटा निघून जातो, उंचीचा राहतो आणि इंजिन जडावते. म्हणून शेवटचा स्क्रू नेहमी मैदानावर फिरवायचा. त्यातच पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. २०२२ च्या मध्यापर्यंत त्यात सरासरी १० टक्के इथेनॉल आले होते, २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेले. इथेनॉलमुळे मिश्रण फिके पडते, म्हणून भर गतीचा स्क्रू किंचित उघडावा लागतो. शिवाय ते हवेतले पाणी ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांना बाधते. वसईच्या पावसाळ्यात टाकीत पेट्रोल ठेवणे म्हणजे दमट कोठीत पीठ उघडे ठेवण्यासारखे आहे. जूनमध्ये टाकी आणि कार्ब्युरेटर पूर्ण रिकामे होतात. हंगामात दर दहा लिटरला २०० मिलिलिटर तेल मोजून घातले जाते. अंदाजपंचे नाही, बाळाचे औषध मोजावे तसे.

यंत्र नीट चालणे ही एक गोष्ट झाली, ते माणसाच्या अंगाला नीट बसणे ही दुसरी. यासाठी लोंगरांचे आकडे फार उपयोगी पडले. आम्ही आमचा ७० किलोंचा मुलगा यंत्रासकट तुळईला टांगला. शेजारच्या मुलांनी कुंपणावरून हा सोहळा पाहिला आणि दोन दिवस वाडीत दुसरा विषय नव्हता. इंजिन अर्थात बंद. टांगलेल्या स्थितीत यंत्र फार मागे कलंडले तर प्रोपेलरचा जोर तिरका लागतो. फार पुढे आले तर बसणाऱ्याला सतत ढकलल्यासारखे होते. पट्ट्यांची लांबी बोटबोटभर बदलत ते किंचित मागे झुकलेले ठेवले. प्रोपेलर एका बाजूला फिरतो तेव्हा यंत्र दुसऱ्या बाजूला वळू पाहते, तेव्हा त्याचा एक तिरपा पट्टा जुळवला. आणि सर्वांत महत्त्वाचे, जमीन सुटल्यावर हातातले ब्रेक न सोडता, नुसते गुडघे उचलून त्याला बैठकीत सरकता येते की नाही, ते पंचवीस वेळा करून पाहिले. नवशिका त्या क्षणी हाताने बैठक शोधू लागतो आणि एका बाजूचा ब्रेक नकळत ओढला जातो.

येथे एक गोष्ट बजावून सांगावीशी वाटते, कारण आपल्या घरांत फवारणीचे पंप, गवत कापायची यंत्रे सर्रास आहेत. पॅरामोटरने बोटे किंवा हात गमावल्याच्या घटना बहुधा आकाशात नव्हे तर जमिनीवर, यंत्र सुरू करताना घडतात. थ्रॉटलची तार अडकलेली असते, इंजिन एकदम भर गतीने पेटते, यंत्र पुढे झेपावते आणि माणूस ते अडवायला हात घालतो. म्हणून तार आधी हाताने खेचून सोडून पाहायची, ती आपोआप परत येते का ते बघायचे, बंद करायचे बटण चालते का ते बघायचे, आणि मगच दोरी ओढायची. लहान मुले दहा पावले दूर. या नियमाला आमच्या पडवीत कोणासाठीही सूट नाही.

आता पंख. तो २४ चौरस मीटरचा, चौकटीच्या विणीच्या नायलॉनचा. खाली शेकडो मीटर बारीक दोऱ्यांचे जाळे, पुढची रांग, मधली रांग, मागची रांग आणि कडेला ब्रेकच्या दोऱ्या. गेल्या हंगामात नोव्हेंबरमध्ये भात कापून झाल्यावर कामशेतजवळच्या एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या खाचरांत सराव सुरू झाला. आम्हीही दर पंधरा दिवसांनी जात असू. वसईहून दादर, दादरहून लोणावळा, तेथून पुण्याच्या लोकलने कामशेत. शिवणवाली डब्यात भाकऱ्या आणि सुक्या बोंबलांची चटणी घेई. खाचरातले धसकट दोऱ्यांना अडकते, म्हणून त्यावर ताडपत्री अंथरून पंख मांडावा लागे.

पहिले तीन आठवडे यंत्र खोलीवरच. नुसता पंख डोक्यावर उभारायचा, तो तेथे धरून ठेवायचा, चालायचे, थांबायचे, पुन्हा खाली घ्यायचा. वारा असेल तर पंखाकडे तोंड करून त्याला उभा करायचा आणि तो स्थिर झाला की गर्रकन वळायचे. वारा नसेल तर पंखाकडे पाठ करून धावत त्याला ओढून वर आणायचे. दुसरा प्रकार कठीण, कारण मागे काय चालले आहे ते दिसत नाही, दोऱ्यांवरच्या ताणावरून ओळखावे लागते. पतंग उडवणाऱ्यालाही मांज्यातून वारा कळतोच की. नंतर तेच सर्व २६ किलो पाठीवर घेऊन, इंजिन बंद ठेवून. आणि त्यानंतर इंजिन सुरू ठेवून. पंख डोक्यावर येऊन स्थिर होईतो थ्रॉटल द्यायचे नाही. दिल्यावर पुढे वाकायचे नाही, कारण वाकलेल्या माणसाला प्रोपेलर जमिनीकडेच ढकलतो. ताठ धावायचे, आणि पाय जमिनीवरून सुटले तरी काही पावले हवेतच धावत राहायचे. ज्याला घाईने बसावेसे वाटते तो गुडघ्यांवर आपटतो. आणि जरा काही वाकडे वाटले की थ्रॉटल सोडून थांबायचे. धाकट्याचे शिक्षक या थांबण्याचाही सराव करून घेत.

पण आमच्या मुलाचा पंख डोक्यावर येतच नसे. अर्ध्यात, मागे, उंबरठ्यावर अडलेल्या बैलासारखा उभा राही. मुलगा जीव तोडून धावे, पंख त्याला मागे ओढी, आणि बांधापर्यंत जाऊन सगळे खाली कोसळे. एका सकाळी आम्ही मोजले, अकरा प्रयत्न, अकरांपैकी एकही धड नाही. ज्याने पंख विकला होता त्याने फोनवर सांगितले की पंख उत्तम आहे, धावणे कच्चे आहे. मैदानावरचे मित्र म्हणाले, वजन कमी कर, पाय बळकट कर. मुलाने पहाटे टेकडीवर धावायला सुरुवात केली. त्याच्या गुडघ्यांवर कायमच्या खपल्या. जेवताना तो गप्प असे, आणि आपल्याला हे जमण्यासारखे नाही, असे एकदा म्हणालाही. मनातून आम्हांला बरेही वाटले, हे कबूल केले पाहिजे. त्याने स्वतःहूनच सोडले, तर आम्हांला काहीच करावे लागणार नव्हते.

त्याच दुपारी पंख गुंडाळताना शिवणवालीच्या हातात दोऱ्यांचा जुडगा होता. पुढच्या रांगेच्या दोऱ्या तिला मऊ लागल्या, मागच्या कोरड्या आणि ताठर. तिने विचारले, या दोऱ्या आटतात का? मैदानावर कोणी लक्ष दिले नाही. पण सुती कापड शिवण्याआधी पाण्यातून काढले नाही तर पहिल्याच धुण्यात झगा दोन बोटे आखूड होतो, हे ज्या बाईने अनेक आयांना समजावून सांगितले आहे, ती सहजासहजी गप्प बसणार नव्हती. पंख वसईला आला. पंखाच्या माहितीपुस्तकात प्रत्येक दोरीची लांबी दिलेली असते. आम्ही ओटीच्या एका भिंतीला कडी ठोकली, दोरी त्यात अडकवली, दुसऱ्या टोकाला स्प्रिंगचा काटा लावून पाच किलोंचा ताण दिला आणि पोलादी टेपने मोजत गेलो. इंजिनवाला काटा धरी, शिवणवाली मोजी आणि मापे लिही, तीही आपल्या जुन्या मापांच्या वहीत, जिथे आधीच्या पानांवर कोणाचा खांदा, कोणाची कंबर लिहिलेली आहे. दोन दिवस लागले. पुढची रांग मापापेक्षा पाच-सहा मिलिमीटर लांब भरली. मागची रांग डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना २२ ते ३० मिलिमीटर आखूड.

कारण नंतर उमगले. पंखाचा बहुतेक भार पुढच्या दोऱ्यांवर येतो, म्हणून त्या ताणल्या जातात. मागच्या दोऱ्यांवर भार थोडा, त्यामुळे त्या ओलाव्याने, उन्हाने आणि नुसत्या काळाने आकसतात; विशेषतः या पंखाला होत्या तशा डायनीमा धाग्याच्या असतील तर. मागच्या दोऱ्या तीन सेंटिमीटरने आखूड होणे म्हणजे कोणी अदृश्य माणसाने कायम ब्रेक ओढून धरणे. असा पंख उठताना मागे रेंगाळतो. आणि गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. तो हवेतही सुस्त होतो, मंद गतीला गेला की पुढे झेपावण्याऐवजी तसाच खाली बसत येऊ शकतो. म्हणजे आमच्या मुलाने पाय आणखी बळकट करून, आणखी जोराने धावून, तो पंख एकदाचा वर नेला असता तर पुढचा प्रश्न जमिनीवर सुटणारा नव्हता. हे कळले त्या रात्री शिवणवाली उशिरापर्यंत ओटीवर बसून होती. दिवा तिने लावला नाही.

दोऱ्या घरी बदलण्याचा मोह आम्ही केला नाही. शिवणवालीला टाका उत्तम घालता येतो, पण ज्या टाक्यावर माणूस लोंबकळणार तो तपासून देणारा माणूस वेगळा हवा, असे तिचे स्पष्ट मत. पंख तपासणीच्या कारखान्यात गेला, कापडातून हवा किती गळते ते पाहिले गेले, सगळ्या दोऱ्या नव्या बसल्या. खर्च लहान नव्हता. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, नाताळानंतर, तोच मुलगा त्याच खाचरात तसाच धावला, आणि पंख चौथ्या पावलाला डोक्यावर येऊन उभा राहिला. त्याने मान वर करून पाहिले आणि धावायचेच विसरला.

आम्हां तिघांत एक करार आहे. तिघांपैकी कोणी एकाने नाही म्हटले की त्या दिवशी उड्डाण नाही, वाद नाही, कारण सांगण्याची सक्तीही नाही. करार मुलाने मान्य केला तेव्हा इंजिनवाल्याला वाटले, आता ही बाई रोज नाही म्हणणार आणि प्रकरण मिटणार. तसे झाले नाही. भीती वाटते म्हणून तिने एकदाही नाही म्हटलेले नाही, आणि भीती तिला दरवेळी वाटते. ती म्हणते, तो शब्द उगाच खर्च केला तर ज्या दिवशी खरी गरज असेल त्या दिवशी त्याला किंमत राहणार नाही. मग ती भीतीचे काय करते? पंखाच्या प्रत्येक कप्प्यात हात घालून पाहते. दोरीचे प्रत्येक टोक बोटांतून काढते. तिला चाळीस मिनिटे लागतात आणि तोवर कोणी घाई करायची नाही.

करार प्रथम कामी आला तो जानेवारीतल्या एका रविवारी. पहाट कशी हवी तशी होती. बांधावरच्या काठीला बांधलेली फीत हललीही नव्हती, इंद्रायणीच्या अंगाने धुके उतरत होते, मित्रांपैकी दोघे आधीच वर गेले होते आणि त्यांच्या इंजिनांचा आवाज डोंगरावरून परत येत होता. यंत्र गरम करून बंद केले होते. इंजिनवाला नेहमीप्रमाणे टॉर्च घेऊन खाली बसला. सायलेन्सर ज्या पट्टीने धरलेला असतो तिच्या वेल्डिंगजवळ केसाएवढी रेघ होती. धूळ असावी म्हणून पुसली; पुसली गेली नाही. सायलेन्सर असतो प्रोपेलरच्या पुढे. पट्टी हवेत तुटली तर लोखंडाचा तुकडा सरळ प्रोपेलरमध्ये जातो, आणि प्रोपेलर फुटला तर त्याचे तुकडे कोठे जातील हे कोणी सांगावे?

"डॅडी, आज एकदाच. वीस मिनिटं. ती रेघ गेल्या आठवड्यातही असेल," मुलगा म्हणाला. पाठीवर पट्टे बांधलेले, शिरस्त्राण चढवलेले, डोळे वर मित्रांकडे.

"असेलही. नाही."

तो आईकडे वळला. तिने पंख गुंडाळायला घेतला होता.

त्याने पट्टे सोडायला जितका वेळ लावला तितका वेळ कधी लागत नाही. दुपारपर्यंत बोलला नाही. संध्याकाळी खोलीवर त्याने ती पट्टी काढली, शिकंजात धरली आणि हाताने वाकवली. तिचे दोन तुकडे झाले. ते दोन्ही तुकडे त्याने टेबलावर आमच्यापुढे ठेवले आणि चहा करायला आत गेला. या विषयावर पुन्हा कधी बोलणे झालेले नाही.

लोक विचारतात, एवढा मोठा समुद्रकिनारा सोडून मावळात कशाला जाता? मुंबईचा विमानतळ जवळ असल्याने आपल्या आकाशात ही हौस चालत नाही, हे एक. पण तशी परवानगी असती तरी आम्ही ती दिली नसती. इंजिन हवेत बंद पडणे ही तशी मोठी आपत्ती नाही. पंख डोक्यावर असतो, माणूस तरंगत उतरतो, खाली मोकळे शेत असले म्हणजे झाले. खाली पाणी असले तर मात्र २६ किलो पाठीला बांधलेला, दोऱ्यांत गुरफटलेला, पोहता येणारा माणूसही बुडतो. आपली वसई तीन बाजूंनी पाण्याची. खाडीत बुडालेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांच्या गोष्टी आपल्यापैकी प्रत्येक घरात आहेत. मावळातही पवनेचा आणि वडिवळ्याचा जलाशय आहे. त्यांच्यावरून जायचे नाही, दृश्य कितीही सुंदर असो, ही आमची अट आहे आणि तिच्यावर घासाघीस चालत नाही.

नव्या पट्टीने आणि नव्या रबरी गुटक्यांनी यंत्र फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी पुन्हा मैदानावर आले. सूर्य नुकताच डोंगरावर आला होता. शिवणवालीची चाळीस मिनिटे झाली, इंजिनवाल्याची टॉर्च फिरून झाली. दोरी दुसऱ्या ओढीला लागली. पंख उठला, त्याने वर पाहिले, थ्रॉटल दिले, ताठ धावला. नऊ पावले आम्ही मोजली. दहावे जमिनीला लागले नाही. यंत्र वर गेले तेव्हा आमच्यापैकी एकाने डोळे मिटून फक्त आवाज ऐकला, कारण त्यात काही बदल झाला असता तर तो डोळ्यांना दिसला नसता. दुसरीने एकदाही डोळे मिटले नाहीत. ती पंखाची मागची कड पाहत होती. त्याने खाचरांवर दोन मोठी वर्तुळे घेतली, एकदा हात हलवला, तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच, दोन्ही हात ब्रेकवर ठेव, असे ओरडून सांगितले, जे त्याला ऐकू जाणे शक्य नव्हते.

तो उभ्यानेच उतरला, चार पावले धावला, पंख त्याच्या मागे हळूच खाली बसला. शिवणवालीने पहिले वाक्य बोलले ते पंख उन्हातून उचल हे, कारण उन्हाने नायलॉन कुजते. इंजिनवाल्याने इंजिन निवल्यावर प्लग काढला. मापांच्या वहीत, दोऱ्यांच्या कोष्टकाच्या पुढच्या पानावर, तिने लिहिले: उड्डाण पहिले, १८ मिनिटे, पेट्रोल सव्वा लिटर, प्लग कॉफी, डाव्या ब्रेकची गाठ पुन्हा पाहणे.